गोठत्या सरोवरांतील शेवटची खेप

पावसाळ्याच्या तोंडाशीं कोंकणचे कोळी आपल्या होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात व नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे पाठ फिरवितात, हें आमच्या वाचकांच्या परिचयाचें आहे. समुद्राचें दार केव्हां मिटणार आणि केव्हां उघडणार, याचा अजमास त्यांस पंचांगावरून करितां येतो. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेहि जलाशय आहेत कीं, ज्यांचें दार एखाद्या निरभ्र व निवांत रात्रीं, कोणासहि चाहूल न लागतां मिटूं लागतें. आणि तेंहि नेमकें अशा आठवड्यांत, कीं जेव्हां मासा किनाऱ्याजवळ विपुल मिळत असतो. अशा वेळीं पाण्यांत टाकलेलें जाळें काढून नाव घरीं कशी आणावयाची, हा प्रश्न उत्तर अमेरिकेंतील महासरोवरांच्या कांठीं राहणाऱ्या मच्छीमारांस पिढ्यान् पिढ्या सोडवावा लागला. त्या खटपटीचा इतिहास प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरन, एरी व आँटेरिओ हीं तीं पांच सरोवरें. त्यांतील मिशिगन सर्वस्वीं अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत आहे. बाकीचीं चार त्या देशाच्या व कॅनडाच्या सीमेवर पसरलीं आहेत. सुपीरिअरचें क्षेत्रफळ सुमारें ८२,००० चौरस किलोमीटर असून विस्ताराच्या दृष्टीनें गोड्या पाण्याचें तें जगांतील सर्वांत मोठें सरोवर होय. त्याची अधिकांत अधिक खोली ४०६ मीटर आहे. उलट एरीची अवघी ६४ मीटर. हा खोलीचा भेद आमच्या विषयास महत्त्वाचा आहे. पाणी थंड होतां होतां जड होतें व तळाशीं जातें. परंतु ४ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरल्यावर हा क्रम उलटतो, आणि त्याहून थंड पाणी हलकें होऊन वर तरंगतें. म्हणून वरचा थर गोठण्यापूर्वीं सारें सरोवर त्या अंशापर्यंत निवावें लागतें. खोल पाण्यास यासाठीं आठवडेच्या आठवडे लागतात. उथळ खाड्या, नदीमुखें आणि बंदरें यांस मात्र दोन-चार कडक रात्री पुरतात. परिणाम असा होतो कीं, भर सरोवरांत लाटा उसळत असतां घराच्या दाराशीं बर्फ धरतो. सकाळीं मोकळ्या पाण्यांतून गेलेला माणूस संध्याकाळीं परततो तों स्वतःच्या बंदराची वाट त्यास बंद झालेली दिसते.

हा पहिला बर्फ जाडीनें एक-दोन इंचांचा असतो, आणि म्हणूनच तो अधिक घातकी होय. चार इंच जाडीचा निकोप बर्फ माणसाचा भार सहन करितो. त्यावरून चालत घरीं जातां येतें. एक-दोन इंचांचा बर्फ मात्र वल्हें मारूं देत नाहीं आणि पायहि ठेवूं देत नाहीं. त्यांत सांपडलेल्याची अवस्था त्रिशंकूसारखी होते. शिवाय गोड्या पाण्याचा बर्फ समुद्राच्या कोंवळ्या बर्फासारखा मिठानें मऊ झालेला नसतो. तो कांचेसारखा कठीण असून त्याच्या कडा धारदार असतात. नाव पुढें रेटली कीं त्या कडा पाण्याच्या रेषेवरील फळ्यांवर करवतीप्रमाणें चालतात.

मग अशा दिवसांत बाहेर पडावयाचेंच कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर माशाच्या स्वभावांत आहे. या सरोवरांत ज्यास हेरिंग म्हणतात, तो खऱ्या हेरिंगच्या नव्हे तर सॅमनच्या कुळांतील मासा आहे. वर्षाचा बराच काळ तो दूरवर विखुरलेला असतो. परंतु नोव्हेंबर महिन्यांत अंडीं घालण्यासाठीं त्याचे थवेच्या थवे किनाऱ्याकडे येतात. पांढरा मासा म्हणून ओळखली जाणारी त्याचीच भाऊबंद जातहि शरदाच्या अखेरीस उथळ खडकांवर अंडीं घालते. सुपीरिअरच्या मिनेसोटाकडील किनाऱ्यावर १८८० नंतर नॉर्वेहून आलेलीं पुष्कळ कुटुंबें वसलीं. खडकाळ जमीन, थोडा उन्हाळा व पाठीशीं अरण्य, अशा स्थितींत नोव्हेंबरचा हेरिंग हेंच त्यांचें पीक होतें. तो मासा मिठांत घालून लांकडी पिंपांत भरावयाचा आणि आगबोटीवर चढवावयाचा. १९२० नंतरच्या दशकांत सडक पुरी होईपर्यंत त्या किनाऱ्यास बाजाराशीं जोडणारी दुसरी वाट जवळजवळ नव्हतीच. ‘अमेरिका’ नांवाची आगबोट १९०२ पासून १९२८ मध्यें बुडेपर्यंत ही ने-आण करीत असे. मोसम संपून आगबोटीची फेरी थांबली म्हणजे वाण्याचें देणें फेडण्याची संधीहि पुढील वर्षावर जाई.

जाळ्याची गोष्ट याहून नाजूक होती. हीं जाळीं सुती किंवा तागाच्या बारीक दोऱ्याचीं असत. वरच्या कडेस तरंगते तुकडे व खालच्या कडेस वजनें लावून तीं पाण्यांत पडद्यासारखीं उभीं ठेवीत. मासा त्यांत शिरला कीं कल्ल्यांशीं अडके. बर्फानें वरचे दोर धरले व मागाहून वाऱ्यानें तो बर्फ हलला, तर सबंध जाळें फाटून त्याजबरोबर जाई. जाळीं हेंच ज्याचें भांडवल, त्यास शेवटच्या खेपेचा मोह टाळणें जितकें कठीण, तितकेंच तिचें भय विसरणेंहि कठीण. त्यांत आणखी एक पेंच होता. वारा असला म्हणजे बर्फ धरत नाहीं; पण नोव्हेंबरचा वारा या सरोवरांवर काळासारखा येतो. १९१३ च्या नोव्हेंबरांत ७ ते १० तारखांच्या दरम्यान झालेल्या वादळांत मोठमोठ्या आगबोटी बुडून अडीचशेंहून अधिक माणसें मेलीं. वारा पडला कीं जिवास बरें वाटे, परंतु तीच निवांत रात्र बर्फाची जननी. लहान होडीच्या धन्यास या दोहोंमधून आपला दिवस निवडावा लागे.

या किनाऱ्यांवरील मूळचे रहिवासी भूर्जाच्या सालीची हलकी नाव वापरीत. उन्हाळ्यांत तिच्यासारखें वाहन नाहीं. पण कोंवळ्या बर्फाच्या धारेपुढें सालीचा टिकाव लागत नाहीं. म्हणून बर्फ दिसूं लागला कीं नाव वर काढावी व जाड बर्फाची वाट पाहावी, हेंच त्यांचें शहाणपण होतें. या मर्यादेचें स्मरण देणारा एक प्रसंग इतिहासांत नमूद आहे. फ्रेंच जेझुइट पंथाचे धर्मोपदेशक फादर मार्केत हे २५ आक्टोबर १६७४ रोजीं ग्रीन बे येथून दोन सोबत्यांसह अशाच नावांतून मिशिगन सरोवराच्या कांठाकांठानें निघाले. ४ डिसेंबर रोजीं, आज जेथें शिकागो शहर आहे त्या नदीच्या मुखाशीं ते पोंचले, तों नदी अर्धा फूट गोठलेली! प्रकृति आधींच ढासळलेली. पुढें जाण्यास मार्ग नाहीं. मार्चअखेर बर्फ फुटेपर्यंत त्यांस तेथेंच झोंपडी करून राहावें लागलें. पुढें त्यांचें काम त्यांनीं उरकलें खरें. परंतु परतीच्या वाटेवर, १८ मे १६७५ रोजीं, त्याच सरोवराच्या पूर्वकिनाऱ्यावर त्यांचा अंत झाला.

युरोपीय वसाहतवाल्यांनीं फळ्यांच्या होड्या आणल्या, तेव्हां झगडा थोडा बरोबरीचा झाला. नाळेवर व पाण्याच्या रेषेलगत पत्रा ठोकून करवतीची धार बोथट करण्याची युक्ति निघाली. बाकी सारें काम अंगमेहनतीचें व डोळसपणाचें. बर्फाचा रंग पाहावयाचा. काळसर दिसतो तो पातळ, कारण खालचें पाणी त्यांतून दिसतें. एकानें नाळेशीं उभें राहून वल्ह्यानें किंवा लोखंडी टोंकाच्या काठीनें पुढचा थर फोडावयाचा, दुसऱ्यानें मागून रेटावयाचें. नाव अडलीच, तर सर्वांनीं मिळून ती या कुशीवरून त्या कुशीवर डोलवावयाची, म्हणजे दोन्ही बाजूंचा बर्फ तिच्या पोटाखालीं दबून तुटतो. पुढें वाट न निघाली तर आपल्याच मागें फोडलेल्या वाटेनें माघार घ्यावयाची, आणि तीहि लौकर. कारण थंडी कडक असली म्हणजे फोडलेली वाट थोड्याच वेळांत पुनः सांधूं लागते. जोर करणाऱ्यापेक्षां वेळेवर थांबणारा अधिक कुशल ठरे.

१८७० च्या सुमारास मासेमारींत लहान आगबोटी आल्या आणि चित्र पालटलें. वाफेच्या बळावर नाव मागें घ्यावी, धांव देऊन बर्फावर आदळावी, नाळ थोडी वर चढली कीं तिच्या भारानें थर खचावा, आणि पुनः मागें यावें, असा क्रम सुरू झाला. पुढें जाळें ओढण्याचें यंत्रहि बसलें. ओलें जाळें उघड्यावर गोठून ताठ होतें व बोटांनीं त्यांतून मासा सुटत नाहीं. म्हणून हळूहळू नावेवर नाळेपासून मागपर्यंत छप्पर चढलें. कांसवाच्या पाठीसारख्या आच्छादनाच्या या बुटक्या नावा, बाजूच्या दारांतून जाळें आंत घेणाऱ्या, महासरोवरांचें वैशिष्ट्यच होऊन बसल्या. एरीच्या कांठच्या पोर्ट डोव्हरसारख्या बंदरांत त्यांचे तांडे नांदले.

बर्फाशीं लढण्याची याहून मोठी कल्पना निघाली तीहि याच पाण्यावर. मिशिगन व ह्यूरन यांस जोडणाऱ्या मॅकिनॉच्या सामुद्रधुनीवरून आगगाडीचे डबे पलीकडे नेण्यासाठीं १८८८ मध्यें ‘सेंट इग्नेस’ ही लांकडी आगबोट बांधण्यांत आली. तिचे योजक फ्रँक कर्बी यांनीं नेहमींच्या मागल्या पंख्याखेरीज नाळेखालींहि एक पंखा बसविला. तो फिरूं लागला कीं बर्फाखालचें पाणी ओढून घेई. खालचा आधार गेला म्हणजे बर्फाचा थर नाळेच्या भारानें सहज कोसळे, आणि त्याच प्रवाहानें तुकडे मागें वाहून जात. ही युक्ति दूरवर पसरली. रशियाचे ॲडमिरल मकारोव्ह यांच्या प्रेरणेनें इंग्लंडांत बांधलेल्या ‘येर्माक’ या बर्फफोड्या जहाजासहि प्रथम पुढला पंखा होता. उत्तरध्रुवाकडील जुन्या, जाड बर्फांत तो निरुपयोगी ठरला, म्हणून पुढें काढून टाकावा लागला. सायबेरियांतील बैकल सरोवरावर १९०० मध्यें चालूं झालेल्या ‘बैकल’ या आगगाडीवाहू जहाजांतहि तीच योजना होती. तथापि १९०४ मध्यें रशिया-जपान युद्ध पेटलें, तेव्हां ऐन हिंवाळ्यांतील बर्फ त्या जहाजास आवरेना, व रशियनांनीं सरळ बर्फावरच रूळ अंथरले. खुद्द महासरोवरांवरहि वाफेचा गर्व उतरण्याचे प्रसंग आले. १९२६ च्या हिंवाळ्याच्या आरंभीं सेंट मेरीज नदींत बर्फ अकाळीं दाटला आणि शंभराहून अधिक मालवाहू आगबोटी तेथें अडकून पडल्या. १९४४ मध्यें ‘मॅकिनॉ’ हें खास बर्फफोडें जहाज सरोवरांत उतरलें, त्यालाहि नाळेखालीं पंखा होताच; तें २००६ पर्यंत सेवेंत होतें.

येथवरचा इतिहास वाचून मनुष्याच्या बुद्धीचा हा विजय आहे, असें वाचकांस वाटेल, आणि तें खोटें नाहीं. सालीच्या नावेस जेथें अर्ध्या फुटाच्या बर्फापुढें चार महिने बसावें लागलें, तेथें आगबोटी डिसेंबरांतहि वाट काढूं लागल्या. परंतु या विजयाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाहीं. ज्या आठवड्यांत मासा अंड्यांनीं भरलेला असतो, त्याच आठवड्यांत अधिक नावा, अधिक जाळीं घेऊन, अधिक दूर जाऊं लागल्या. एरी सरोवरांतून दरवर्षीं कोट्यवधि पौंड हेरिंग निघत असे. १९२५ मध्यें तें उत्पन्न एकाएकीं कोसळलें, आणि पुढें पूर्वस्थितीवर कधींच आलें नाहीं. त्याचें प्रमुख कारण बेसुमार मासेमारी हेंच मानलें जातें.

त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढें अभ्यासकांच्या नजरेस आली. पांढऱ्या माशाचीं अंडीं उथळ खडकांच्या फटींत सारा हिंवाळा पडून असतात व वसंतांत फुटतात. वर बर्फाचें झांकण असलें म्हणजे वादळी लाटांचा मारा त्यांपर्यंत पोंचत नाहीं. ज्या वर्षीं झांकण धरत नाहीं, त्या वर्षीं पुष्कळ अंडीं उखडून नाश पावतात. म्हणजे ज्या बर्फानें बापाची नाव अडविली, त्यानेंच मुलाच्या जाळ्यांत पडावयाचा मासा राखला होता! आतां हें झांकणहि पूर्वीइतकें भरंवशाचें राहिलें नाहीं. हिंवाळ्याच्या ऐन भरांत पांचहि सरोवरांचा सरासरीनें निम्म्याहून थोडा अधिक पृष्ठभाग बर्फाखालीं जातो. १९७९ मध्यें तो शेंकडा ९४.७ झांकला होता, २०१४ मध्यें ९२.५, पण २००२ मध्यें अवघा ११.९, आणि २०२४ मध्येंहि फारच थोडा. वर्षावर्षांत चढउतार मोठा असला, तरी एकंदर ओघ बर्फ घटण्याकडे आहे. नाव आतां डिसेंबरांत पूर्वीपेक्षां सुखानें घरीं येते. त्या सुखाची किंमत मात्र खडकांतील अंडीं देतात.

आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत मासेमारी बंद ठेवण्याची रूढि प्रथम तुफानाच्या भयानें पडली असेल. परंतु तोच काळ अनेक माशांच्या विणीचा आहे, हें जाणून आज त्या बंदीस कायद्याचा आधार दिला गेला आहे. महासरोवरांच्या कांठीं बर्फ हाच तो कायदा होता. जुन्या मच्छीमाराने तो संतोषानें पाळला असें आम्ही म्हणत नाहीं. वल्ह्यानें, पत्र्यानें व वाफेनें तो मोडण्याची खटपट त्यानें जन्मभर केली, आणि मुलांबाळांच्या पोटासाठीं केली, म्हणून त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु नोव्हेंबरच्या अखेरीस काळसर बर्फावर वल्हें टेकवून, “आतां पुरे, उरलेलें जाळें गेलें तरी चालेल,” असें म्हणून ज्यानें नाळ घराकडे फिरविली, त्यानें आपल्या जिवाबरोबर आणखीहि कांहीं वांचविलें होतें. तें काय, हें त्यास त्या वेळीं ठाऊक नव्हतें, आपणांस आहे.