कळलावी : एका वनस्पतिनामाचा इतिहास

पावसाळ्यात कोकणातील कुंपणांवर व सह्याद्रीच्या उतारांवर पानांच्या वळलेल्या टोकांनी आधार धरीत चढणाऱ्या, पिवळ्या-तांबड्या फुलांच्या वेलीस मराठीत कळलावी म्हणतात. लिनेअसने १७५३ मध्ये तिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे नाव दिले, ते फुलाच्या वैभवास अनुलक्षून. देशी नामपरंपरेचे लक्ष मात्र विशेषेकरून तिच्या कंदाकडे व गुणाकडे आहे.

संस्कृतातील 'अग्निशिखा' हे नाव फुलाचे वर्णन करते; 'लांगली' व 'हलिनी' ही नावे नांगराप्रमाणे वाकलेल्या कंदाशी जुळतात. 'गर्भनुत्' हे नाव उघडच उपयोगवाचक होय. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, वार न पडल्यास लांगलीच्या मुळाचा कल्क प्रसूतेच्या तळहातांस व तळपायांस लावण्यास सांगितले आहे. येथे उपचार बाह्य आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मराठी नावाचा उलगडा दोन प्रकारे होतो. 'कळ' म्हणजे वेदना असे मानल्यास कळलावी ही वेणा सुरू करणारी ठरते. 'कळलाव्या नारद' ह्यातील अर्थ घेतल्यास ती भांडण लावणारी ठरते. ही वनस्पती घरात ठेवल्यास कलह माजतो, ही लोकसमजूत दुसऱ्या अर्थास धरून आहे. हा अर्थ केवळ मराठी श्लेषातून उपजला असे म्हणता येत नाही. कारण निघंटूंतील 'कलिहारी' व 'कलिकारी' ह्या रूपांतही कलहवाचक 'कलि' आहे. तेव्हा मराठी नावात प्रसूतिवैद्यकाची स्मृती व कलहाची समजूत ह्या दोहोंचा संगम मानणेच युक्त होय.

तथापि नाव प्रयोजन जपते, प्रमाण जपत नाही. आयुर्वेदाने कळलावीची गणना उपविषांत करून शोधनाची अट घातली. पेल्तिए व काव्हाँतू ह्यांनी १८२० मध्ये कॉल्चिकम ह्या वनस्पतीतून वेगळे केलेले द्रव्य, ज्यास पुढे कॉल्चिसिन हे नाव मिळाले, ते कळलावीच्या कंदातही असते. अल्प मात्रेत ते संधिवाताच्या एका प्रकारावर, गाउटवर, दिले जाते. परंतु ते पेशीविभाजन रोखते, आणि कंद पोटात गेल्याने मृत्यू ओढवले आहेत.

म्हणून वनस्पतिनामे संकलित करणाऱ्याने नावाबरोबर वापरलेला भाग, संस्कार, योजण्याची रीत व निषेधही नोंदवावेत. त्यांवाचून कोशातील 'प्रसूतीस उपयुक्त' एवढी नोंद अपुरीच नव्हे, घातकही ठरेल.