जित्याची खोड

आमचे गाव जिते, तालुका पेण. त्यामुळे ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण लोकांनी खास आमच्यासाठीच काढली असावी, असा माझा समज आहे. आमची खोड एकच. जगात काहीही दाखवा, आम्ही ते गावाशेजारच्या कशाशी तरी ताडून पाहणार!

मुलाने हौसेने अमेरिकेतले ग्रँड कॅन्यन दाखवले. ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून खोल दरी. सौ.ने कड्यावरून डोकावून निकाल दिला, “अहो, यापेक्षा आपला कर्नाळा बरा. तिथं आधी चढायचं असतं, परत येताना उतार!”

१८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल नावाचा गृहस्थ होड्या घेऊन या दरीतून पार झाला. त्याचा एक हात यादवी युद्धात गेलेला. इकडे आमचे दोन हात शाबूत, पण कठडा काही सुटत नव्हता. १९०१ मध्ये आगगाडी कड्यापर्यंत आली आणि मागोमाग आमच्यासारखे हौशी आले. १९०८ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी दरीला राष्ट्रीय स्मारक ठरवले. १९१९ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली.

उद्यान म्हटले की राखण आली. पण तिथे हवासुपाई लोक शेकडो वर्षे शेती-शिकार करून राहतच होते. वरची जमीन त्यांच्या हातून गेली, दरीत चिमूटभर उरली. १९७५ च्या कायद्याने सुमारे १ लाख ८५ हजार एकर परत मिळाले. म्हणजे जमीन त्यांचीच, आणि ती मिळाली म्हणून आनंदही त्यांनीच मानायचा!

इथे माझी खोड उफाळून आली. आमच्याकडे इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगले ‘राखीव’ केली. कालपर्यंतचे सरपण आज चोरी ठरले. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर लोक कोयते घेऊन जंगल सत्याग्रहाला गेले. गोळीबार झाला, आठजण हुतात्मा झाले. मोळीची एवढी किंमत जगात कुठे कुणी मोजली नसेल.

जंगल राखायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. फक्त राखणदाराने आत शिरताना, “घरात कोण आहे का?” एवढे विचारावे. आम्ही शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायला गेलो तरी विचारतो.

दरीपुढे उभा असलेला आमचा फोटो मुलाने गावाकडे पाठवला. लगेच चुलत्यांचे उत्तर आले : “छान. तिकडे पाऊस पडत नाही वाटतं?”