गोघ्न

पाणिनीच्या व्याकरणात ‘गोघ्न’ असा शब्द आहे. अर्थ काय? पाहुणा! ज्याच्यासाठी गाय मारायची तो. मधुपर्क मांसावाचून नसावा, असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते. वसुबारसेला गाय-वासरू पुजणाऱ्या आमच्या घरात हे वाचून दाखवले की सूनबाई कानावर हात ठेवते. पण हे कुणा परक्याचे कुभांड नव्हे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ते सारे मांडले, आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

गंमत म्हणजे ऋग्वेदातच गाईला ‘अघ्न्या’, न मारण्याजोगी, असेही म्हटले आहे. म्हणजे दोन्ही धागे जुनेच. पुढे निबंधकारांनी गोवधाचा मधुपर्क कलिवर्ज्यांत घातला. जुने वचन खोडले नाही, खोटेही ठरवले नाही. कलियुगात नको, एवढेच म्हटले. केवढी शहाणी पळवाट!

ही पळवाट पोथी ज्यांच्या हाती होती त्यांच्यासाठी होती. मेलेल्या गाईचे मांस ज्यांना सुटले नाही ते अस्पृश्य ठरले, असा सिद्धान्त बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये मांडला. तो विद्वानांना सगळाच पटतो असे नाही. पण मेलेले ढोर ओढून न्यायचे काम गावाने कुणावर टाकले होते, हे माझ्या पिढीने पाहिले आहे.