खुराकीचा हिशोब

अकोट तालुक्यात कुठे कुस्त्यांची दंगल भरली की दुसऱ्या दिवशी आमच्या उर्दू शाळेतली निम्मी पोरे वर्गात पेंगत असतात. कोणी कोणाला कोणत्या डावावर चीत केले ते त्यांना तोंडपाठ असते. त्याहून पक्का पाठ असतो तो इनामाचा आकडा. एका मुलाने आम्हाला मोठ्या अदबीने विचारले होते, "सर, पाच मिनिटांत पाच हजार! मग पढाई कशाला करायची?" प्रश्न बिनतोड होता. त्याला उपदेश करण्यापेक्षा गणित घालावे असे आम्ही ठरवले आणि फळ्यावर एका पहिलवानाची एका दिवसाची खुराक लिहिली.

दूध साडेपाच लिटरच्या वर, म्हणजे नेमके 5.6 लिटर. शोरबा 2.8 लिटर, फळांचा रस 1.8 लिटर. एक सबंध कोंबडी. किलोच्या जवळपास मटण, वर बदाम. लोणी अर्धा किलो. अंडी 6. मोठे पाव 2 आणि शेवटी बिर्याणीच्या 2 प्लेटी. अकोटच्या बाजारातले भाव मुलांनीच सांगितले. शोरब्याची हाडे खाटकाने फुकट दिली असे धरले, तरी बेरीज दिवसाला 2,300 रुपयांच्या पुढे गेली. महिन्याचे 70 हजार. दंगलीतल्या पाच हजारांवर हा पहिलवान किती दिवस जगेल, हे गणित मग कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

"सर, कोण होता हा पहिलवान?" आम्ही नाव लिहिले, हमीदा बानू. मागच्या बाकांवर बसलेल्या मुलींनी माना वर केल्या.

आपल्या समाजात मुलींना किस्से सांगितले जातात ते चांद बीबीचे, रझिया सुलतानचे. ते सांगावेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्या बाईने आपल्या मनगटाच्या जोरावर पोट भरले, जी अखेरीस आपल्या महाराष्ट्रातच, कल्याणला राहिली आणि 1986 साली तिथेच मरण पावली, तिचे नाव आमच्या पिढीला कोणी सांगितले नाही. 4 मे 2024 रोजी गुगलने तिचे चित्र आपल्या पानावर लावले तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा विचारले की ही कोण. उर्दू वाचणाऱ्यांना निदान कुर्रतुलऐन हैदर यांच्या 'डालनवाला' कथेत तिचा उल्लेख सापडतो. आम्ही ती कथा वाचली होती आणि ते नाव ओलांडून पुढे गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

हमीदा बानू मूळची मिर्झापूरची. सलाम पहिलवान या उस्तादाच्या हाताखाली ती अलीगढला मेहनत करू लागली आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी तिला 'अलीगढची ॲमेझॉन' असे नाव दिले. उंची 5 फूट 3 इंच, वजन 108 किलो. रोज 6 तास मेहनत आणि 9 तास झोप. वर्तमानपत्रांनी तिचे सगळे काही मोजून छापले. खुराकीची वर दिलेली यादीही तिथलीच. तिच्यात थोडे पाणी असावे असे आम्हाला वाटते, कारण पहिलवानाची खुराक हीच दंगलीची पहिली जाहिरात असते. पण निम्मी खरी धरली तरी प्रश्न उरतोच, हे सगळे आणायचे कोठून?

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर दरबार होते. संस्थानिकाने पहिलवान पदरी ठेवला की त्याचे दूध, तूप, बदाम, तालीम, मालिशवाला सगळे संस्थानाच्या खर्चात. पहिलवानाने फक्त मेहनत करायची आणि महाराजांचे नाव राखायचे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी तर 1912 साली खासबागेचे मैदान उभे केले. त्या मैदानातली पहिली मोठी कुस्ती झाली इमाम बक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांची. महाराष्ट्राच्या लाल मातीचे सर्वांत मोठे मैदान दोन मुसलमान पहिलवानांनी उघडले, ही गोष्ट आपल्या लेकरांना माहीत असायला हरकत नाही.

हा इमाम बक्ष म्हणजे रुस्तम-ए-हिंद गामा पहिलवानाचा धाकटा भाऊ. दोन वर्षे आधी, 1910 साली, हे दोघे भाऊ अहमद बक्ष आणि गामू या आणखी दोन पहिलवानांबरोबर विलायतेला गेले होते. बोटीचे भाडे, तिथले राहणे आणि चार पहिलवानांची खुराक हा खर्च कोणत्याही पहिलवानाच्या ऐपतीबाहेरचा. तो उचलला बंगालमधल्या शरत्कुमार मित्र या धनिकाने. लंडनला पोचल्यावर गामाची उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात. तेव्हा थिएटरातून आव्हान पुकारण्यात आले की कोणीही तीन पहिलवान यावेत, अर्ध्या तासात तिघांना चीत करू. अखेर 10 सप्टेंबरला त्याची गाठ पोलंडच्या झ्बिस्कोशी पडली. झ्बिस्को खाली पडून मातीला, म्हणजे तिथल्या गादीला, असा चिकटून राहिला की अडीच तास उलटूनही निकाल लागला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा कुस्ती ठरली, तर झ्बिस्को आलाच नाही. गामाला मिळाले 250 पौंड आणि 'जॉन बुल' पट्टा. 1928 साली पटियाळ्याला त्याच झ्बिस्कोला गामाने मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. तिथे टाळ्याही महाराजांच्या होत्या आणि चांदीची गदाही महाराजांचीच.

संस्थाने गेली आणि हे सगळे गेले. गामा 1960 साली लाहोरला वारला तो आजारपण आणि तंगी सोसून. आता पहिलवानाला पोसणार तिकीट. आमच्या हमीदा बानूची सारी कारकीर्द या तिकिटाच्या जमान्यातली आहे, आणि तिचे दुर्दैव समजून घ्यायचे तर हा फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो. दरबारात एक धनी खूश असला की पुरे. तिकिटाच्या कुस्तीत ठेकेदार असतो, मैदानाचे भाडे असते, फलक, भोंगे, पोलीस बंदोबस्त असतो. पहिलवान गावोगाव फिरतो तेव्हा एकटा फिरत नाही. उस्ताद, सरावाचा जोडीदार, मालिश करणारा असा कबिला बरोबर असतो. कुस्ती झाली नाही तरी कबिल्याला जेवायला लागतेच.

आणि कुस्ती न होण्याचे प्रसंग कमी नव्हते. 1944 साली मुंबईत हमीदा बानू आणि गुंगा पहिलवान यांची जोड जाहीर झाली. 20 हजार माणसे जमली. पण गुंगा पहिलवानाने ऐनवेळी जास्त पैसे मागितले, तयारीला जास्त वेळ मागितला, आणि कुस्ती रद्द झाली. चिडलेल्या लोकांनी स्टेडियमची मोडतोड केली. लोक गुंगा पहिलवानाला हसतात. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. 20 हजारांची गर्दी त्याने डोळ्यांनी पाहिली असेल, गल्ला किती जमला याचा अंदाज केला असेल आणि आपल्या हातावर पडणारी रक्कम आठवली असेल. शिवाय बाईकडून हरलो तर पुढच्या मैदानात आपल्याला बोलावणार कोण, हाही हिशोब असणारच. त्याच्या जागी आमच्या तालुक्यातला कोणीही पहिलवान असता तर त्यानेही तेच केले असते.

फेब्रुवारी 1954 मध्ये हमीदा बानूने ते प्रसिद्ध आव्हान दिले की जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी निकाह करीन. त्यानंतर पटियाळ्याचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन पहिलवान तिने हरवले. मे महिन्यात ती बडोद्याला आली. तिच्याशी छोटे गामा पहिलवान लढणार होता, ज्याला बडोद्याच्या महाराजांचा आश्रय होता. त्याने बाईशी लढण्यास नकार दिला. ज्याच्या खुराकीची काळजी महाराजांना, त्याला असा नकार परवडतो. मग बाबा पहिलवान उतरला आणि 1 मिनिट 34 सेकंदांत चीत झाला. तोवर 300 च्या वर कुस्त्या जिंकल्याचा हमीदा बानूचा दावा होता. त्याच वर्षी मुंबईत तिने रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला मिनिटाच्या आत पाडले.

निकाहाच्या त्या अटीवरून आपल्यातले काही लोक आजही नाक मुरडतात. शरीफ घराण्यातली बाई असे जाहीर बोलते का, असे आम्हाला एका परिचिताने विचारले. आमचे म्हणणे एवढेच की ते वाक्य तिकीट खिडकीसाठी होते. दरबार उरला नाही, सरकारी नोकरी नाही, बाई असल्यामुळे जोड मिळत नाही, अशा पहिलवानाला गर्दी खेचायची तर काहीतरी पुकारावे लागते. गामाने लंडनच्या थिएटरातून पुकारले, हिने वर्तमानपत्रातून पुकारले. गामाचे आव्हान बहादुरी ठरले.

महाराष्ट्राने तिला कसे वागवले हेही सांगितले पाहिजे. कोल्हापूरला, त्याच शाहू महाराजांच्या कोल्हापूरला, तिने शोभासिंग पंजाबी या पहिलवानाला हरवले तेव्हा लोकांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. कुस्ती नुरा होती, आधी ठरवून केलेली होती, असा लोकांचा आरोप. पुण्याला रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. अशा बंदीविरुद्ध तिने थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यांचे उत्तर असे की ती स्त्री आहे म्हणून नव्हे, तर ठेकेदार तिच्यासमोर नकली पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून कुस्त्या थांबवल्या.

आता ठेकेदार नकली जोड लावतो ही तक्रार खरीही असेल. मुंबईच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांत किंगकाँग आणि दारा सिंग यांच्या लढतींना हजारो लोक जात, त्यांतल्या किती निकाली आणि किती नुरा याची चर्चा तेव्हाही चहाच्या टपरीवर होत होती. तरी दारा सिंगला मैदान मिळत राहिले आणि पुढे सिनेमाही मिळाला. हमीदा बानूच्या बाबतीत दोष ठेकेदाराचा आणि मैदान बंद झाले पहिलवानाचे.

याच मोरारजींच्या काळातली दुसरी गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचे होते. सरकारकडे मागितलेली मदत मिळाली नाही. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावात 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून प्राचार्यांचे कर्ज फेडले. 1955 साली ते पोलीस खात्यात लागले म्हणून घर चालले. खाशाबांच्या मागे एक गाव आणि एक प्राचार्य उभे राहिले. हमीदा बानूच्या मागे आपली जमात उभी राहिली असे कुठे वाचायला मिळत नाही.

1954 मध्ये तिने युरोपला जाऊन लढण्याचे जाहीर केले होते. ती गेली नाही. तिच्या नातवाने पुढे पत्रकारांना सांगितले की तिने युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पहिलवानाने तिला मारले आणि तिचा हात मोडला, नंतर कित्येक वर्षे ती लाठीच्या आधाराने चालत होती. सलाम पहिलवानाचा कल्याणला दुधाचा धंदा होता. तो अलीगढला परतला, ती कल्याणलाच राहिली. दूध विकले, थोडे घरभाडे येत असे. तेही पुरेना तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकले. हमीदा बानूची दिवसाची खुराक फळ्यावर लिहिताना मुले मोठ्याने हसली होती. कल्याणचा भाग सांगितला तेव्हा कोणी हसले नाही.

तिच्यानंतर तिकिटाची जागा जत्रेने आणि सरकारने घेतली. 1961 पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. 1964 साली ती आमच्या वऱ्हाडात अमरावतीला झाली आणि 1973 साली अकोल्याला. 1980 साली इस्माईल शेख, 2002 साली मुन्नालाल शेख, पुढे सईद चाऊस आणि 2023 साली मोहोळचा सिकंदर शेख यांनी ती गदा जिंकली. सिकंदरच्या वडिलांनी हमाली करून पोराची खुराक भागवली. आता गदेबरोबर गाडी मिळते. पण गदा वर्षाला एकालाच मिळते. बाकीचे शेकडो पहिलवान दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत जत्रा, उरूस, यात्रा असे फिरतात. लहान पोरे रेवड्यांवर लढतात, मोठ्यांना हजार-दोन हजार. एसटीचे भाडे त्यातूनच. पावसाळ्यात मैदाने तुरळक, पण दूध रोज लागते. त्या महिन्यांत घरची म्हैस, बापाची मजुरी आणि आईचे दागिने यांवर तालीम चालते. सरकारने 2023 साली हिंदकेसरींचे मानधन महिना 4 हजारांवरून 15 हजार आणि वृद्ध पहिलवानांचे अडीच हजारांवरून साडेसात हजार करण्याची घोषणा केली, ते चांगलेच झाले. आमच्या फळ्यावरच्या हिशोबात साडेसात हजार म्हणजे सव्वातीन दिवस.

अकोटमधल्या एका बुजुर्ग पहिलवानाला आम्ही एकदा विचारले होते की आयुष्यभरात कुस्तीत किती कमावले. कान मोडलेले, गुडघे गेलेले. तो म्हणाला, "मास्तर, कमाई तर म्हशीने केली. मी फक्त लढलो."

तास संपताना एका मुलीने हात वर केला. तिचा प्रश्न खुराकीचा नव्हता. "सर, हमीदा बानू पुण्याला कुस्तीसाठी गेली आणि कुस्ती झालीच नाही, तर जाण्यायेण्याचे पैसे तिला कोणी दिले?" घंटा झाली होती. आम्ही फळा पुसला नाही. दुसऱ्या दिवशी बेरजेच्या खाली तिनेच एक ओळ वाढवली होती, रेल्वे भाडे, आणि पुढची जागा रिकामी सोडली होती.