लांडगा दाराशीं आल्यावर

सारें जग युद्धानें पेटलें असतां एखाद्या बुद्धिमान लेखिकेनें जेवणाखाण्याविषयीं कां लिहावें? अमेरिकन निबंधलेखिका मेरी फ्रान्सिस केनेडी फिशर यांना हा प्रश्न वारंवार विचारला जाई. त्यांचें सारें लेखन म्हणजे या प्रश्नाला दिलेलें उत्तरच होय.

फिशरबाईंचा जन्म ३ जुलै १९०८ रोजीं मिशिगन संस्थानांतील आल्बियन या गांवीं झाला. बालपण मात्र कॅलिफोर्नियांतील व्हिटियर येथें गेलें. घरांत आजीचा अंमल कडक. चवीनें खाणें हा तिच्या लेखीं दोषच. रोज उकडलेलें, बेचव अन्न पानांत पडे. आजी परगांवीं गेली म्हणजे घरांत सण उजाडे! १९२९ सालीं विवाह होऊन त्या पतीसह फ्रान्समधील दिजों शहरीं गेल्या. जेवण ही मन लावून करावयाची गोष्ट आहे, हें त्या तेथें शिकल्या.

१९३७ सालीं 'सर्व्ह इट फोर्थ' हा त्यांचा पहिला निबंधसंग्रह निघाला. नांवाचीं नुसतीं आद्याक्षरें पाहून लेखक पुरुषच असावा, असा अनेकांचा समज झाला. त्यांतील एका निबंधाचा विषय केवढासा! स्ट्रासबुर्गच्या हिवाळ्यांत लहान संत्र्याच्या फोडी खोली तापविण्याच्या यंत्रावर फुगवावयाच्या, खिडकीबाहेरच्या बर्फावर गार करावयाच्या आणि एकट्यानें खावयाच्या, एवढेंच.

पुढें दैव फिरलें. त्यांचे दुसरे पती, चित्रकार डिलविन पॅरिश, यांना रक्तवाहिन्यांचा दुर्धर विकार जडला. एक पाय कापावा लागला. आणि अखेर १९४१ सालीं त्यांनीं स्वतःच जीवनाचा शेवट केला. कालवांविषयींचें 'कन्सिडर दि ऑयस्टर' हें खेळकर पुस्तक बाईंनीं लिहिलें तें याच आजारपणांत, पतीचें मन रमावें म्हणून.

उपासमार ओढवली म्हणजे इंग्रजींत 'लांडगा दाराशीं आला' असें म्हणतात. १९४२ सालीं, युद्धकालीन टंचाईंत, बाईंनीं त्या लांडग्यालाच शिजविण्याची युक्ति सांगणारें 'हाऊ टु कुक ए वुल्फ' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. भट्टी तापविलीच तर तींत एकाच वेळीं अनेक पदार्थ करावे. भाज्यांचें पाणी फेकूं नये. हात अगदींच रिकामा झाला तर खिमा, भाज्या व भरडलेलें धान्य एकत्र शिजवून दिवस काढावे. परंतु या काटकसरीमागें एक तत्त्व होतें : अन्न कमी असलें तरी मनुष्यानें माणसासारखें, रसिकतेनें जेवावें.

मूळ प्रश्नाचें उत्तर त्यांनीं १९४३ सालच्या 'दि गॅस्ट्रॉनॉमिकल मी' या पुस्तकांत दिलें. अन्न, सुरक्षितता आणि प्रेम या तीन गरजा एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत, कीं एकीचा विचार दुसरीवांचून होतच नाहीं. भुकेविषयीं लिहितांना त्या प्रेमाविषयींच लिहीत होत्या.

२२ जून १९९२ रोजीं त्या कॅलिफोर्नियांत वारल्या. अमेरिकेंत याहून सरस गद्य लिहिणारा दुसरा कोणी आपल्याला ठाऊक नाहीं, असा अभिप्राय कवि ऑडन यांनीं दिला होता. स्वयंपाकघरांत निबंधाचा विषय शोधणाऱ्या लेखिकेला याहून मोठा मान कोणता?