काळ्या बोटांची मंडळी

शीळफाट्याला वाटा फुटतात. एक मुंब्र्यावरून ठाण्याला, एक पनवेलला, एक महाप्याकडे आणि एक डोंबिवलीवरून थेट कल्याणला. दिवसरात्र ट्रक, टेंपो आणि बसगाड्यांचा घोष चाललेला असतो. अशा ठिकाणावरून कुणी सौंदर्याच्या शोधात निघत असेल, असे सहसा कुणाला वाटणार नाही. परंतु रविवारी भल्या पहाटे पाठीला पिशवी आणि पिशवीत कॅमेरा अशी तरुण मंडळी इथून जाताना हटकून दिसतात. कुणी ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्ष्यांच्या मागे, कुणी पारसिकच्या डोंगरावर, तर कुणी काटई नाक्यावरून वळून अंबरनाथच्या शिवालयाकडे. महिन्याला एक विषय, त्यावर स्पर्धा, वर्षाकाठी एक प्रदर्शन, असा त्यांच्या मंडळांचा कार्यक्रम.

मी पेशाने शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. शिक्षण विचाराल तर मॅट्रिकपर्यंत. तेव्हा ‘हौशी’ या शब्दाबद्दल मला मुळातच आपुलकी. हौशी म्हणजे कच्चा आणि धंदेवाईक म्हणजे पक्का, अशी आपली एक समजूत आहे. पण आपल्याकडच्या छायाचित्रणाचा इतिहास चाळला, तर ही समजूत पार उलटी होते. या कलेची आपल्या देशातली पहिली घडी बसवण्यात मोठा वाटा होता तो हौशी लोकांचा. आणि तीही कुठे दूरदेशी नव्हे. इथून जवळच्याच मुंबईत.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या शोधाची घोषणा झाली आणि प्रकाशाने चित्र काढता येते, ही नवलाची वार्ता लवकरच इकडेही पोचली. पण कलेला खरा बहर आला तो १८५१ नंतर, फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने काचेवरची ओली कृती शोधल्यावर. भल्या माणसाने तिचे पेटंटदेखील घेतले नाही. १८५३ साली लंडनमध्ये छायाचित्रकारांची मंडळी स्थापन झाली, आणि दुसऱ्याच वर्षी, १८५४ च्या ऑक्टोबरात, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ उभी राहिली. कलकत्ता आणि मद्रास इथल्या संस्था त्यानंतरच्या, १८५६ च्या. त्या १८५४ च्या मे महिन्यातच आगगाडी ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत धावू लागली होती. म्हणजे आगगाडी आणि छायाचित्रांची मंडळी या दोन्ही नवलाया आमच्या मुलखाने एकाच वर्षात पाहिल्या!

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय दिव्य असे, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. काचेची तावदानासारखी पट्टी स्वच्छ पुसायची. तिच्यावर कोलोडियनचा चिकट थर सारखा पसरेल अशा बेताने ओतायचा. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि थर सुकायच्या आत धावत तंबूत नेऊन धुवायची. थंड हवेच्या विलायतेत या सगळ्याला थोडी तरी सवड मिळे. आपल्या वैशाखात थर बघता बघता सुकून जाई. शिवाय पावसाळ्यातली ओल आणि बुरशी होतीच. गावाबाहेर चित्र घ्यायचे तर कॅमेरा, काचा, बाटल्या, तंबू, पाणी असा सगळा संसार बैलगाडीत घालून न्यावा लागे. सिल्व्हर नायट्रेटचे डाग कातडीला पडले की काळे होतात आणि धुऊन जात नाहीत. त्यामुळे छायाचित्राचा नाद असलेला माणूस बोटांवरूनच ओळखू येत असे.

या काळ्या बोटांच्या मंडळीत लष्करी अधिकारी होते, सरकारी नोकर होते, डॉक्टर होते. पहिले अध्यक्ष कॅप्टन हॅरी बार. तोफखान्यातले कॅप्टन बिग्ज यांनी विजापूर, ऐहोळे, बदामी इथल्या वास्तूंची छायाचित्रे सरकारसाठी घेतली. पण आपल्याला अभिमान वाटावा ती गोष्ट निराळीच. या मंडळीत आरंभीच्या काळापासून डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. गोव्यातल्या मांद्रे गावचा हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन पहिल्याच तुकडीत बाहेर पडला. पुढे प्राचीन लेख आणि नाणी यांचा मोठा अभ्यासक झाला. मुंबईचे शेरीफपद त्यांना दोनदा मिळाले. त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे तर स्वतः कसलेले छायाचित्रकार. सोसायटीच्या कार्यकारी समितीवरही ते होते. साहेबांच्या शेजारी बरोबरीच्या नात्याने बसून ‘तुमच्या काचेला डाग का पडला आणि माझ्या का नाही’ अशी चर्चा करता येईल, अशा जागा त्या काळी किती असतील? फार थोड्या.

पण अशा जागेची मर्यादाही लवकरच दिसून आली. मुंबईत नव्हे, कलकत्त्यात. तिथल्या छायाचित्र मंडळीत थोर विद्वान राजेंद्रलाल मित्र होते. १८५७ साली त्यांनी एका जाहीर भाषणात निळीच्या मळ्यांच्या गोऱ्या मालकांवर टीका केली. झाले! छायाचित्रांच्या मंडळीतून त्यांचे नाव काढून टाकण्यात आले. त्यांच्या भाषणाचा कॅमेऱ्याशी काडीचाही संबंध नव्हता. कलेचे मंडळ झाले म्हणून ते जगाच्या बाहेर नसते, एवढे यावरून उमजावे.

मुंबईत १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गच सुरू झाला. शाळामास्तर या नात्याने मला या वर्गाचे फार कौतुक वाटते. शिकवणारे क्रॉफर्ड हेही सोसायटीतलेच. त्यांच्या हाताखाली तयार झालेला सर्वांत नामांकित विद्यार्थी म्हणजे हरिश्चंद्र चिंतामण. त्याने मुंबईत स्वतःचा धंदा थाटला आणि त्याची छायाचित्रे १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनापर्यंत जाऊन पोचली. हौशी मंडळींनी लावलेल्या रोपाला धंद्याचे फळ आले ते असे.

आणि योगायोग पाहा. पुढे मुंबईचेच छायाचित्रकार सावे दादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी विलायतेहून चलच्चित्रांचा कॅमेरा आणवून १८९९ साली हँगिंग गार्डनवर कुस्ती टिपली, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचा सोहळा टिपला. आणि गोध्र्याला फोटोचा धंदा करून पाहिलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली लोकांपुढे आणला तो ‘राजा हरिश्चंद्र’! एकापाठोपाठ तीन हरिश्चंद्र. सत्याखातर राज्य सोडणाऱ्या राजाचे नाव छायाचित्राच्या धंद्याला असे चिकटावे, यात मला मौज वाटते. कारण छायाचित्र खरे बोलते की नाही, हा या कलेपुढचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न आहे.

त्याचा दाखलाच देतो. सोसायटीच्या आश्रयाने जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी १८५६ पासून ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ नावाचे प्रकाशन चालवले. अमॅच्युअर म्हणजे आपला हौशी. त्यात खरीखुरी छायाचित्रे चिकटवलेली असत आणि जोडीला माहितीचा मजकूर. मुंबईतल्या इमारती, रस्ते, आणि मुख्य म्हणजे इथली अठरापगड माणसे. याच जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या जातिजमातींवर दोन खंड काढले. त्यात त्याने एक युक्ती केली. माणसे एका ठिकाणी उभी करून टिपली, त्यांच्या आकृती तेवढ्या घेतल्या आणि पाठीमागे दुसरेच देखावे जोडले. म्हणजे माणूस एका जागचा आणि त्याच्यामागचे झाड, घर, समुद्र दुसऱ्या जागचे. संगणकावर मुले आज जे करतात, ते दीडशे वर्षांपूर्वी काचेवर झालेले आहे!

पण मला खटकते ते एवढेच नव्हे. या चित्रांखाली नावे काय आहेत? कोळी. वाणी. ब्राह्मण. बोहरी. म्हणजे जातीचे नाव आहे, माणसाचे नाही. डोळ्यांत डोळे घालून पाहणारी ती कोळीण कोण होती? वरळीची की आणखी कुठली? तिचे लग्न झाले होते का, तिला मुले किती? तिच्या पणत्यांच्या मुली आज कुठल्या तरी चाळीत राहात असतील आणि आपल्या खापरपणजीची तसबीर जगातल्या ग्रंथालयांत जपून ठेवलेली आहे, याची त्यांना गंधवार्ताही नसेल. चित्र राहिले आणि माणूस हरवला.

नाव आणि साल यांची किंमत काय असते, हे पाहायला शीळफाट्याहून फार दूर जावे लागत नाही. आमची मंडळी रविवारी ज्या अंबरनाथच्या देवळाचे फोटो घेतात, त्याच देवळात दारावरच्या तुळईवर एक शिलालेख आहे. छायाचित्र मंडळीतल्या त्याच भाऊ दाजींनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यांनी शक वाचला ७८२. झिजलेला दगड, पुसट अक्षर. त्यात पहिला आकडा फसवा. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि शक ७८२ नसून ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, असे दाखवून दिले. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले! एका आकड्याच्या वेलांटीने देऊळ दोनशे वर्षांनी पुढे सरकले आणि शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात आपल्या जागी येऊन बसले. शिष्याने गुरूचे वाचन दुरुस्त करावे, यात गुरूला कमीपणा नाही. विद्या अशीच पुढे जाते.

परंतु दुरुस्ती झाली ती का? दगड जागेवर होता म्हणून. कुणीही यावे आणि पुन्हा वाचावे. छायाचित्राचे तसे नाही. ज्या क्षणाचे ते चित्र, तो क्षण पुन्हा तपासायला मिळत नाही. कोण, कुठे, केव्हा, हे तेव्हाच लिहिले तर लिहिले. नाहीतर शंभर वर्षांनी एकाला सात वाटेल, दुसऱ्याला नऊ.

आता स्पर्धांकडे वळू. १८८८ साली कोडॅकचा पेटीवजा कॅमेरा आला, काळी बोटे गेली आणि हौस सर्वांच्या आटोक्यात येऊ लागली. विसाव्या शतकात मुंबईत हौशी संस्थांनी पुन्हा मूळ धरले. १९३७ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ निघाली, १९५३ साली देशभरच्या मंडळांचा संघ झाला, आणि ‘सलोन’ नावाच्या स्पर्धात्मक प्रदर्शनांची पद्धत रुळली. ही पद्धत मोठी न्यायाची आहे. चित्रावर काढणाऱ्याचे नाव नसते, नुसता क्रमांक. परीक्षक तिघे असले, तर तिघे आपापले गुण देतात. कलेक्टरचा मुलगा आणि शिप्याचा मुलगा तिथे सारखेच. निसर्गाच्या विभागात तर चित्रात काही घालायला वा त्यातून काही काढायला सक्त मनाई असते; म्हणजे जॉन्सनसाहेबांची युक्ती तिथे चालायची नाही.

पण या चोख न्यायातही एक फट राहून गेली आहे. काढणाऱ्याचे नाव निकालाच्या दिवशी कळते. चित्रातल्या माणसाचे कधीच कळत नाही. सुरकुतल्या चेहऱ्याच्या म्हातारीच्या चित्राखाली ‘जीवनसंध्या’ लिहिलेले असते. डोक्यावर हंडा घेतलेल्या मुलीखाली ‘वाटचाल’. वीटभट्टीवरच्या पोराखाली ‘उद्याची आशा’. चित्र सुरेख असते, बक्षीसही योग्य असते. पण त्या म्हातारीला नाव आहे, गाव आहे, मत आहे. साहेबाने तिला ‘कोळी’ म्हटले, आपण तिला ‘जीवनसंध्या’ म्हटले. दीडशे वर्षांत आपण पुढे आलो ते एवढेच का?

आणि आमच्या भागात तर हा प्रश्न तातडीचा होऊन बसला आहे. शीळपासून कल्याणपर्यंतच्या रस्त्याच्या दोहो अंगांना भातखाचरे होती. निळजे-खोणीच्या बाजूला आज आभाळाला टेकलेल्या इमारती आहेत. जिथे भात झोडत, तिथे मोटारी उभ्या राहतात. याबद्दल गळा काढण्याचा माझा बेत नाही. माणसांना घरे हवीत आणि ती कुठेतरी बांधावीच लागणार. पण गावाची विहीर कुठे होती, खळे कुणाचे होते, गौरीच्या दिवशी बायका कुठल्या वाटेने पाण्यावर जात, हे टिपून ठेवणारे सूर्यास्ताच्या मागे लागले तर हे काम कुणी करायचे? सूर्य उद्याही मावळेल. विहीर एकदा बुजली की बुजली.

माझी या मंडळांना एक सूचना आहे. वर्षातल्या बारा स्पर्धांपैकी एक स्पर्धा अशी ठेवा, की जिच्यात निम्मे गुण चित्राला आणि निम्मे त्याखालच्या चार ओळींना. कोण, कुठे, केव्हा, काय करीत असताना. चित्रातल्या माणसाची परवानगी घेतलेली असावी आणि चित्राची एक प्रत त्याच्या घरी पोचलेली असावी. परीक्षक म्हणून एक छायाचित्रकार घ्या आणि एक गावातलाच जुना माणूस घ्या. तो चुका बरोबर पकडील.

आणि वाचकहो, मंडळाचे सभासद नसलेल्यांनाही या सुटीत करण्यासारखे काम आहे. दिवाळीला घरचे सगळे जमतात. फराळाची ताटे उचलली की कपाटातला जुना आल्बम खाली काढा आणि आजीला मधोमध बसवा. हा कोण, ही कुणाची, हे घर कुठले, विचारत चला. ती सांगेल ते चित्राच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. शाई लावू नका, ती पुढच्या बाजूला उतरते. आजीला सालाचा घोटाळा झाला तर मामा दुरुस्त करतील, आणि मग दोघांचे थोडे भांडणही होईल. होऊ द्या. भाऊ दाजींचे वाचनदेखील दुरुस्त झालेच होते. फोनमधल्या हजारो चित्रांना हे करणे शक्य नसेल, तर निवडक पन्नासांना करा. पुढल्या दिवाळीला आजी असेलच, असे गृहीत धरू नका.