हिपॅटायटिस बी लस : रेणवीय जीवशास्त्रज्ञांचे कार्य

जनुके, आरएनए आणि प्रथिने यांच्या पातळीवर सजीवांचा अभ्यास करणाऱ्या रेणवीय जीवशास्त्रज्ञांनी लसनिर्मितीची रीत कशी बदलली, हे हिपॅटायटिस बी या यकृतविकारावरील लशीच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते. जनुकीय पुनःसंयोजनाने तयार झालेली आणि माणसांसाठी परवाना मिळालेली ही पहिली लस होय. अमेरिकेत तिला १९८६ मध्ये मान्यता मिळाली. तोपर्यंतच्या बहुतेक लशींसाठी आधी रोगजंतू वाढवावा लागे आणि मग तो मारावा किंवा दुर्बळ करावा लागे. हिपॅटायटिस बीचा विषाणू मात्र प्रयोगशाळेतील पेशींत वाढतच नव्हता.

या विषाणूचा पृष्ठप्रतिजन, म्हणजे त्याच्या बाह्य आवरणातले प्रथिन, बारूक ब्लमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडला होता. १९७६ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. विषाणू शरीरात बाळगणाऱ्या वाहकांच्या रक्तात या प्रतिजनाचे सुमारे २२ नॅनोमीटर व्यासाचे रिकामे कण विपुल असतात. त्यांत विषाणूचा डीएनए नसल्याने ते संसर्ग करीत नाहीत, पण शरीराला प्रतिपिंडे तयार करायला लावतात. मॉरिस हिलमन यांनी वाहकांच्या रक्तद्रवातून हे कण वेगळे केले, पेप्सिन, यूरिया व फॉर्माल्डिहाइड अशा तीन प्रक्रियांनी निर्धोक केले आणि त्यांपासून लस बनवली. १९८१ मध्ये तिला परवाना मिळाला. त्याच सुमारास एड्सची साथ उजेडात आली आणि रक्तापासून केलेल्या लशीकडे लोक संशयाने पाहू लागले. या तीन प्रक्रियांपुढे एड्सचा विषाणू टिकत नाही, पण भीती ओसरायला तेवढे पुरले नाही. शिवाय कच्चा माल म्हणजे संसर्ग झालेल्या माणसांचे रक्त. त्याचा पुरवठा कायमच तुटपुंजा राहणार होता.

रेणवीय जीवशास्त्रज्ञांनी विषाणूऐवजी त्याचे एकच जनुक हाती घेतले. या विषाणूचा डीएनए अवघा ३,२०० बेसजोड्यांचा आहे. १९७९ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्येर तिओले, एडिंबरोत केनेथ मरे आणि सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम रटर यांच्या गटांनी तो जीवाणूंत कृंतकित केला, म्हणजे त्याच्या हुबेहूब प्रती तयार केल्या. पृष्ठप्रतिजनाचे, म्हणजे २२६ ॲमिनो आम्लांच्या प्रथिनाचे, जनुक हाती आले तरी ई. कोलाय जीवाणूकडून उपयुक्त प्रतिजन मिळेना. रटर यांचे सहकारी पाब्लो व्हालेन्झुएला आणि सिॲटलचे बेंजामिन हॉल यांनी मग हे जनुक यीस्टमध्ये घातले. पाव फुगवणाऱ्या या कवकाच्या पेशींपासून मिळालेले प्रथिन रक्तातल्यासारख्याच २२ नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात जुळलेले होते. हे काम १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसते प्रथिन मिळणे पुरेसे नव्हते. त्याची घडण बरोबर जुळणे महत्त्वाचे होते. या संशोधनातले हेच खरे यश. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशींतही पुढे हेच तत्त्व वापरले गेले.

यीस्ट टाकीत हवे तितके वाढवता येत असल्याने ही लस स्वस्त होऊ शकत होती. प्रत्यक्षात ती दीर्घकाळ महाग राहिली. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये पिकिया या यीस्टमधून देशी लस आणली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने हॅन्सेन्युला हे दुसरे यीस्ट निवडले. आयात लशीची किंमत उतरण्यामागे ही स्पर्धा होती.

लस तयार झाली म्हणून या शास्त्रज्ञांचे काम थांबले नाही. पृष्ठप्रतिजनात १४५ व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन आल्यास विषाणू लशीच्या प्रतिपिंडांना चकवू शकतो, हे इटलीतील रुग्णांच्या अभ्यासातून १९९० मध्ये दिसले. अशा उत्परिवर्तनांवर नजर ठेवण्यासाठी जनुकक्रम वाचावा लागतो. रुग्णाच्या रक्तात विषाणूचा डीएनए किती आहे, हे पीसीआर चाचणीने मोजून उपचार ठरवतात. विषाणू यकृतपेशीत नेमका कोणत्या प्रथिनाला धरून शिरतो, हे बीजिंगमधील वेन्हुई ली यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले. तेच द्वार अडवणाऱ्या बुलेव्हर्टाइड या औषधाला युरोपात २०२० मध्ये, याच द्वारातून शिरणाऱ्या विषाणूमुळे होणाऱ्या हिपॅटायटिस डीसाठी सशर्त मान्यता मिळाली. जुनाट हिपॅटायटिस बी मात्र अजून पूर्ण बरा होत नाही, कारण विषाणूचा वर्तुळाकार डीएनए यकृतपेशीच्या केंद्रकात दडून राहतो आणि सध्याची औषधे त्याला हटवू शकत नाहीत.

अशा जुनाट संसर्गातून उद्भवणारा यकृताचा कर्करोग टाळणारी म्हणूनही ही लस महत्त्वाची आहे. तैवानने १९८४ मध्ये, म्हणजे रक्तद्रवाच्या लशीच्या काळातच, बालकांचे देशव्यापी लसीकरण सुरू केले आणि पुढे तेथील मुलांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण घटले. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत देतात. पुढच्या मात्रा सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पंचगुणी, म्हणजे पाच रोगांवरील एकत्रित, लशीतून मिळतात.